सेल्फ टकटक करतोय? बॅटरी घेण्याआधी अर्थची वायर तपासा

किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच ‘टक्’ यायचं, डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे आणि पुढं काहीच नाही. सकाळी घरातून निघताना गाडी नीट चालू व्हायची. इंजिन तापलं, वाटेत कुठं दहा मिनिटं थांबलो, की परत निघताना हा प्रकार. जुलैचा पाऊस, कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेला गाडी बंद, मागच्या सीटवर आई, आणि दोन अनोळखी पोरं भिजत गाडी ढकलतायत, हे दृश्य मी विसरलेलो नाही. त्या तीन आठवड्यांत नवी बॅटरी घेतली. फरक शून्य. मग इंजिनला पहिला फेरा देणारी सेल्फ मोटर उतरवून कार्बन आणि बुश बदलून घेतले. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा ‘टक्’.

शेवटी उद्यमनगरात एका वयस्क वायरिंगवाल्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी काहीही खोललं नाही. जंपर केबलमधली काळी वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरा इंजिन उचलायच्या हुकाला, आणि म्हणाले, “मारा आता सेल्फ.” इंजिन पहिल्या झटक्यात चालू.

“मिस्त्री, बॅटरी तर नवीच आहे,” मी म्हटलं.

“बॅटरी नवी असंल, पण करंट परत यायला वाट नको व्हय?”

मग त्यांनी बॅटरीच्या ट्रेखालचा, गिअरबॉक्सवर अर्थची वायर जिथं बसते तो बोल्ट काढला. वरून बघितलं तर लग, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा डोळा, अगदी धड होता. उलटा केला तर खालच्या अंगाला खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आणि एका कडेला नखाएवढा काळपट, जळका डाग. एवढ्या कडेवरूनच सेल्फचा सगळा करंट जात होता. पॉलिश पेपरनं लग घासला, गिअरबॉक्सची जागा घासली, बोल्ट आवळला. तो दोष पुन्हा आला नाही.

तेव्हापासून ओळखीतली कुठलीही गाडी ‘सेल्फ घेत नाही’ म्हणून समोर आली की मी आधी अर्थ तपासतो. हे काम शिकायला मेकॅनिक असावं लागत नाही. ज्यानं मल्टीमीटर कधी हातात धरलेला नाही त्यालाही एका रविवारी सकाळी जमेल, अशा बेतानं पुढचं सगळं लिहितो आहे.

गाडीतला अर्थ म्हणजे काय

घरातलं अर्थिंग आणि गाडीतला अर्थ यांची गल्लत होते, ती आधी सोडवू. घरातल्या अर्थिंगमधून रोजचा करंट वाहत नाही. कुठं गळती झाली तर माणसाला शॉक बसू नये म्हणून ती वायर जमिनीत पुरलेल्या प्लेटपर्यंत नेलेली असते. गाडी रबरी टायरांवर उभी असते, तिच्या अर्थचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडीत अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडं परतायची वाट. प्रत्येक दिव्याला, पंख्याला दोन-दोन वायरी ओढण्यापेक्षा बनवणारे प्लसची एक वायर ओढतात आणि परतीसाठी गाडीचा पत्राच वापरतात. म्हणून दिव्यापर्यंत जेवढा करंट जातो, तेवढाच पत्र्यातून परत यावा लागतो.

सेल्फची गोष्ट याहून जड. बॅटरीच्या प्लसमधून जाड वायरीनं करंट सेल्फ मोटरमध्ये जातो, मोटरच्या धातूच्या अंगातून इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये उतरतो आणि तिथून जाड काळ्या वायरीनं बॅटरीच्या मायनसला परततो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं बोल्टनं बांधलेलं असूनही विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलंच असतं. म्हणून बहुतेक गाड्यांत तीन महत्त्वाचे जोड सापडतात: बॅटरी मायनस ते गिअरबॉक्स किंवा इंजिन, बॅटरी मायनस ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी. तिसरा जोड बऱ्याचदा विणलेल्या तांब्याच्या चपट्या पट्टीचा असतो, आणि तोच सगळ्यात दुर्लक्षित राहतो.

आता थोडा हिशेब. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. मधला १५० धरू. अर्थच्या जोडात गंजामुळं फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, आला, तरी १५० गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट त्या सांध्यातच अडकला. मोटरला जे दहा-अकरा व्होल्ट मिळायचे त्यातला दीड गेला, म्हणजे मोटर मरगळणारच. वर त्या सांध्यावर २२५ वॅटची उष्णता तयार होते. लग काळा पडतो तो यामुळं. आणि सांधा तापला की रेझिस्टन्स अजून वाढतो, म्हणून थंड गाडी चालू होते आणि गरम गाडी अडते.

हेच दिव्यांच्या बाबतीत सौम्यपणे होतं. हेडलाइटला चार-पाच अँपिअर लागतात, तेवढे खराब सांध्यातूनही कसेबसे निघतात. म्हणून ‘लाइट तर फुल्ल आहे, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ हा अंदाज चुकतो.

कुठल्या लक्षणांवर अर्थचा संशय घ्यावा

सेल्फ एकच ‘टक्’ करतो किंवा जड फिरतो, हे तर झालंच. दुसरी खूण म्हणजे एक गोष्ट चालू केली की दुसरीच वेडीवाकडी वागते: हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर सरकतो, ब्लोअर वाढवला की इंडिकेटरचा वेग बदलतो, ब्रेक दाबला की इंडिकेटरचा बल्बही मिणमिणतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार तक्रारी एकदम सुरू झाल्या की त्या सगळ्यांचा समाईक अर्थ पॉइंट शोधायचा.

एक खूण फारशी कुणी सांगत नाही. जुन्या, केबलच्या क्लच-ॲक्सिलरेटरच्या गाड्यांत इंजिनची अर्थची जाड वायर किंवा पट्टी तुटली तर करंट परतीसाठी त्या केबलच्या तारेतून जातो. सेल्फ मारल्यावर क्लच केबल गरम लागते, आतलं प्लास्टिक वितळतं, केबल जड होते किंवा तुटते. क्लच केबल थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा गेली असेल तर तिसरी टाकण्याआधी ते जोड बघाच.

किल्ली फिरवल्यावर अगदी काहीच आवाज नाही, साधं ‘टक्’ही नाही, तर मात्र कारण बहुधा वेगळं असतं: किल्लीचा स्विच, रिले, ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलला नसणं, किंवा किल्ली ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा.

सामान

दहा, बारा आणि तेराचा पाना, वायर ब्रश, थोडा पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, व्हॅसलीन किंवा ग्रीस, जंपर केबल आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर. महागडा मीटर लागत नाही. डीसी व्होल्टचा २० चा रेंज असला की पुरे.

हात लावण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसला पाना लागून त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर शेकडो अँपिअर वाहतात आणि मधे अंगठी असेल तर ती क्षणात बोट भाजते. हे मी घाबरवायला सांगत नाही, कारखान्यात असं भाजलेलं बोट मी पाहिलंय.

वायर सोडवताना कायम आधी मायनस काढायची, जोडताना मायनस सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. मायनस निघाली की पाना बॉडीला कुठंही टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीनं पेटतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको आणि ठिणगी पडेल असं काही नको.

काही गाड्यांसाठी इथंच थांबा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर उघडायचे नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर जादा वायर स्वतः लावू नका, सर्व्हिसला सांगा. बॅटरी काढल्यावर रेडिओ कोड मागू शकतो, काचांची ‘ऑटो’ सोय पुन्हा शिकवावी लागू शकते. त्याची माहिती गाडीच्या पुस्तिकेत असते, आधी वाचून घ्या.

पहिली तपासणी: जंपर केबल

मिस्त्रींनी केली तीच. काळ्या जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीला लावा. दुसरा इंजिनवरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावा. उचलायचा हुक, अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) ब्रॅकेट, एखाद्या जाड बोल्टचं डोकं, काहीही चालेल. पट्ट्यापासून, पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून केबल लांब ठेवा. मग सेल्फ मारा.

आधी अडणारा सेल्फ आता जोमात फिरला, तर निदान झालं: इंजिनकडून बॅटरीकडं यायची वाट खराब आहे. काहीच फरक पडला नाही तर अर्थ निर्दोष ठरत नाही, चिमटा रंगावर किंवा तेलकट जागी बसला असेल. म्हणून पुढची तपासणी सोडू नका.

दुसरी तपासणी: मीटर, आणि तोही भार असताना

या लेखातलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे, म्हणून इथं सावकाश जाऊ.

आधी बॅटरी. गाडी काही तास बंद असताना मीटर डीसी २० वर ठेवून लाल काडी प्लसला, काळी मायनसला. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ किंवा खाली म्हणजे आधी चार्ज करा, मगच पुढं. अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही.

आता गाडी चालू न होता सेल्फ फिरायला हवा. पेट्रोल गाडीत फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात इंधन पंपाचा फ्यूज शोधून काढून ठेवा. सोबत एक माणूस किल्लीवर बसवा. मीटरची काळी काडी बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर धरा. खुंटीवर म्हणजे मधल्या शिशावर, भोवतीच्या क्लॅम्पवर नाही. लाल काडी इंजिनच्या उघड्या धातूवर दाबून धरा. सोबत्याला म्हणा, मार सेल्फ. चार-पाच सेकंद पुरतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ मोटर तापेल.

सेल्फ फिरत असताना मीटरवर ०.२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसलं तर अर्थ उत्तम. ०.२ ते ०.५ म्हणजे सांधे साफ करायची वेळ आलीय. ०.५ च्या वर म्हणजे दोष सापडला. माझ्या गाडीचं नंतर मुद्दाम मोजलेलं माप सांगतो: साफ केल्यावर ०.१२.

आकडा मोठा आला तर चोर नेमका कुठं आहे तेही मीटरच सांगतो. काळी काडी खुंटीवर आणि लाल त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारा. मग क्लॅम्प ते वायरीचं दुसरं टोक. मग ते टोक ते गिअरबॉक्सचा धातू. तीन मापांतलं ज्यात व्होल्ट जास्त दिसतील, तो सांधा किंवा ती वायर खराब.

बॉडीचा अर्थ असाच मोजायचा, फक्त सेल्फऐवजी दिव्यांचा भार द्यायचा. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार, सगळं चालू करा. काळी काडी मायनसच्या खुंटीवर, लाल काडी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. ०.१ च्या आत हवं.

काही जण मीटर ‘बीप’च्या खुणेवर ठेवतात, दोन टोकांना लावतात, बीप वाजला की म्हणतात वायर चांगली आहे. बॅटरी घेताना मलाही एकानं असंच दाखवलं होतं. बीप वाजवायला मीटर अगदी नगण्य करंट पाठवतो, त्याला वायरीतली एक शाबूत तार पुरते. शेतातल्या पाऊलवाटेनं माणूस आरामात जातो, म्हणून त्याच वाटेनं उसानं भरलेली ट्रॉली जाईल असं नाही. जाड वायरीच्या पन्नास तारांपैकी अठ्ठेचाळीस आत कुजल्या असतील तरी बीप वाजतोच. म्हणून भार असताना व्होल्ट मोजणं, एवढ्याच पुराव्यावर विश्वास ठेवा.

साफसफाई

फ्यूज परत बसवून घ्या, किल्ली काढा, आता मायनसचा क्लॅम्प सोडवा. दहाच्या पान्यानं बहुधा निघतो. अडकला तर हातोडी मारू नका, खुंटी आतून हलते आणि बॅटरी गळू लागते. क्लॅम्पचा नट पूर्ण सैल करून डावी-उजवीकडं हळूहळू फिरवत वर काढा. बऱ्याच नव्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर काडेपेटीएवढा काळा सेन्सर असतो, त्याला धरून ओढू नका.

खुंटीवर पांढरं-निळसर फूल आलं असेल तर ते आम्लाचं. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला, टूथब्रशनं लावा, फसफसू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. मग वायर ब्रशनं खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू, दोन्ही शिशासारखी उजळ दिसेपर्यंत घासा. परत बसवल्यावर क्लॅम्प हातानं फिरवून बघा. जराही फिरत असेल तर सैल आहे.

पण खरं काम वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथं बहुतेक जण पोचतच नाहीत. काळी वायर हातानं माग काढत जा. एक टोक बॅटरीजवळच्या बॉडीवर सापडेल, दुसरं खाली गिअरबॉक्सवर. खाली दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा आत घाला. इथं कोल्हापूरच्या हवामानाचा हात असतो. चार महिने पाऊस, गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला जाणं-येणं असेल तर चाकांनी उडवलेला लाल चिखल नेमका या बोल्टवर बसतो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा, लग तांब्याचा, मधे पाणी: दोन वेगळे धातू ओले होऊन भेटले की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी तयार होते.

बोल्ट गंजला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. जोर लावून बोल्टचं डोकं तोडलं तर काम दहापट वाढतं. बोल्ट निघाला की लगच्या दोन्ही बाजू, बोल्टच्या डोक्याची खालची बाजू आणि लग बसायची जागा, सगळं पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा. बॉडीवर रंग असेल तर लगच्या आकाराएवढाच गोल खरवडा, जास्त नको, नाहीतर भोवतीनं पत्रा गंजेल.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा. घासलेला धातू, त्यावर थेट लग, त्यावर वॉशर, वरून बोल्ट. लग आणि धातूच्या मधे वॉशर घालू नका. करंटनं थेट धातूतून धातूत जायला हवं. बोल्ट ठाम आवळा, पण पान्याला पाइप लावून नव्हे, कारण ॲल्युमिनियममधले आटे सहज निघतात. आवळून झाल्यावर वरून आणि कडेनं व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. बॉडीवरच्या खरवडलेल्या कडेला रंगाचा ठिपका दिलात तर अजून उत्तम.

मग पुन्हा मीटर. साफसफाईआधीचा आकडा कागदावर लिहिलेला असेल तर फरक बघून फार बरं वाटतं.

वायरच गेली असेल तर

लगजवळ वायर हातानं वाकवून बघा. कुरकुर आवाज आला, कडक लागली, किंवा रबर सोलल्यावर आत तांबं हिरवं-काळं दिसलं तर घासून उपयोग नाही, बदला. मूळ वायरीपेक्षा बारीक कधीच नको. लहान पेट्रोल गाडीला २५ चौरस मिलिमीटरची, डिझेलला ३५ ची तांब्याची लवचिक केबल ठीक पडते. वेल्डिंगची केबल यासाठी चांगली, तिच्या तारा बारीक आणि भरपूर असतात, हादऱ्यानं तुटत नाहीत. मात्र ती तांब्याचीच आहे ना ते टोक सोलून बघा, बाजारात ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा रंग असलेलीही मिळते.

लग कथलाचा मुलामा असलेला घ्या आणि दुकानातच मशिननं दाबून घ्या. हातोडीनं चेपलेला लग वर्षभरात सैल होतो. नुसता सोल्डर केलेला लगही नको. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तिथं वायर ताठ होते आणि इंजिनच्या हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. दाबलेल्या जागेवर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. लांबी थोडी सैल ठेवा, कारण सेल्फ मारताना इंजिन डुलतं आणि ताणलेली वायर बोल्ट सैल करते.

जुनी पण शाबूत वायर असेल तर ती तशीच ठेवून शेजारून एक जादा वायर टाकली तरी चालतं. मायनसच्या क्लॅम्पवर सेन्सर असलेल्या गाडीत मात्र जादा वायर थेट खुंटीवरून घेऊ नका, बॉडीवरच्या अर्थ पॉइंटवरून घ्या. खुंटीवरून घेतली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो.

रंगीबेरंगी वायरींची ‘अर्थिंग किट’ विकायला असतात, ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल असं सांगतात. तुमचा मीटर आधीच ०.२ च्या आत दाखवत असेल तर त्या किटला दुरुस्त करायला काही उरलेलंच नाही. पैसे वाचवा.

मागचे दिवे

शेजारच्या काकूंच्या गाडीचं ताजं उदाहरण आहे. पार्किंग लाइट लावून डावा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा लाल दिवा इंडिकेटरच्या तालावर मंद-तेज व्हायचा. दोन बल्ब बदलून झाले होते. “अरे, बल्ब तर चांगल्या कंपनीचा घातलाय,” असं त्या म्हणत होत्या.

मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये तीन-चार बल्बांना मिळून परतीची एकच वायर असते, बहुतेक गाड्यांत काळी, युरोपीय बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत तपकिरी. ती तुटली की इंडिकेटरचा करंट परतायला दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि दोन्ही अर्धवट पेटतात. डिकीतलं अस्तर बाजूला केलं, वायर जिथं दहाच्या बोल्टनं पत्र्याला बसते तिथं बघितलं, तर डिकीच्या रबरातून झिरपलेलं पाणी साचून लगचा गंजून चुरा झालेला. नवा लग, घासलेला पत्रा, नवा बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. गळका रबरही बदलायला सांगितला, नाहीतर पुढच्या पावसात तेच.

अर्थ चांगला निघाला तर

हीच पद्धत प्लसच्या बाजूला लावा. एक काडी प्लसच्या खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या नटवर, सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये ९.६ पेक्षा खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ आतून अडकून जास्त करंट ओढतो आहे. दोन्हीकडचे सांधे ठीक, बॅटरी टिकून आहे, आणि तरी मोटर फिरत नाही, तर आता सेल्फ उतरवायला हरकत नाही. इंजिन चालू असताना खुंट्यांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरचं चार्जिंग ठीक समजा.

पुरात उभी राहिलेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आणि शिरोळच्या बाजूच्या गावांत शिरलं, कित्येक गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं चाललं की आपण फर्निचर माळ्यावर चढवतो, गाडी उंचावर नेतो, पण सगळ्यांनाच वेळ मिळत नाही. अशी गाडी वरून धुऊन चकाचक होते, पण केबिनमधले अर्थ पॉइंट गालिच्याखाली, दाराच्या उंबऱ्याजवळ आणि डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना पायाशी असतात. तिथं गाळ बसतो आणि गंज सहा-आठ महिन्यांनी बोलू लागतो. जुनी गाडी घेणार असाल तर गालिचा उचलून हे बोल्ट बघण्याचा आग्रह धरा. लालबुंद बोल्ट आणि खाचेत वाळलेला गाळ दिसला तर गाडी कुठं उभी होती ते विक्रेत्याला विचारायची गरज उरत नाही.

केव्हा बघायचं

पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा एवढं पुरतं. आमच्याकडं खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून पूजा होते. त्या दिवशी बॉनेट उघडलेलंच असतं, तेव्हा मी दहाचा पाना घेऊन तिन्ही जाड जोडांचे बोल्ट हलवून बघतो, मीटर लावून आकडा घेतो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहितो. धुताना मात्र प्रेशरचं पाणी बॅटरीच्या आणि कनेक्टरच्या अंगावर थेट मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.